बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचे बिल्ले

जावळी तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

«आमचं गावचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलंय. माळ्यावर पत्र्याच्या डबीत दोन बिल्ले सापडले. एक चांदीचा. त्यावर राजाचं डोकं, मागे घोड्यावर बसलेला उघडाबंब माणूस. दुसरा पितळी, त्यावर पंखवाली बाई आणि मागच्या बाजूला १९१४–१९१९. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. १९१९ लिहिलंय म्हणजे त्याच साली वारले असणार, असं वडील म्हणतात. कडेवर इंग्रजीत एक आकडा, मग ‘सिपॉय’, मग कदमसारखं काहीतरी आणि शेवटी ११० मराठा असं दिसतं. चुलतभावाचं म्हणणं, परदेशात याला चांगले पैसे येतात, विकून टाकू. आत्या ऐंशी पार केलेली. ती म्हणते, चिंच लावून लख्ख करा आणि देव्हाऱ्यात ठेवा. मला फक्त एवढंच हवंय की ते कोण होते, कुठे आणि कसे गेले. लंडनला कुणाला पैसे देऊन हे शोधून घेता येईल का?»

ताई, पहिली गोष्ट, आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, देव्हाऱ्यात जरूर ठेवा, पण चिंच लावू नका. राख नको, रांगोळी नको, भांड्यांची पावडर नको. कडेवरची अक्षरं ठशाने उठवलेली असतात आणि त्यांची खोली अगदी नखाएवढीही नसते. दर दसऱ्याला घासून घासून पुसट झालेले कितीतरी बिल्ले मी हातात घेतले आहेत. राजाचं डोकं तेवढं चकाकतं, कडेवर बोट फिरवावं तर गुळगुळीत. राजाची तीच प्रतिमा लाखो बिल्ल्यांवर आहे. तुमच्या पणजोबांचं म्हणावं असं त्या अख्ख्या बिल्ल्यावर जे काही आहे, ते त्या कडेवरच आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो, तेही सांगतो. माझ्या आजोळीही असाच एक चांदीचा बिल्ला होता. मामाच्या मुलाच्या बारशाला तो सोनाराकडे गेला आणि त्याचे वाळे झाले. कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात चांदी दुसरी नव्हती. पण कडेवरचा आकडा कुणी उतरवून ठेवला नव्हता. आज मला आजीच्या त्या चुलत्याचं नाव माहीत आहे, पलटण माहीत नाही. कदम, शिंदे, मोरे, जाधव अशा हजारो नावांच्या समुद्रात नुसत्या नावाने माणूस सापडत नाही. तुमच्याकडे आकडाही आहे आणि पलटणही. निम्मं काम तिथेच झालं.

आता १९१९चं. ते साल तुमच्या पणजोबांचं नव्हे. पंखवाली बाई म्हणजे विजयदेवता. पहिल्या महायुद्धात रणभूमीवर गेलेल्या प्रत्येकाला हा विजयपदकाचा बिल्ला मिळाला आणि सगळ्यांच्या पाठीवर १९१४–१९१९ हेच लिहिलेलं असतं. चांदीचा तो ‘ब्रिटिश वॉर मेडल’. घोड्यावरचा उघडा माणूस म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज. घोड्याच्या टापांखाली बघा, प्रशियाच्या गरुडाची ढाल आणि कवटी दिसेल. यावरचं १९१४ आणि १९१८ हेही सगळ्यांना सारखंच. तेव्हा वडिलांना हळूच सांगा की वर्षश्राद्धाचं साल अजून सापडायचं आहे.

बिल्ला चांदीचा आहे यातूनही एक गोष्ट कळते. पलटणीबरोबर गेलेल्या कामगार तुकड्यांना, पाणक्यांना, आचाऱ्यांना, खेचरवाल्यांना पुष्कळदा हाच बिल्ला काशाचा मिळाला. काम तेच, ऊन तेच, गोळीही तीच. धातू मात्र हलका. कुणा वाचकाकडे काळपट काशाचा असा बिल्ला असेल तर तो नकली समजून टाकून देऊ नका. उलट तो अधिक जपा, कारण त्या माणसांबद्दल कागदावर फारच थोडं उरलं आहे.

कडेवरचा आकडा म्हणजे पलटणीतला नंबर. त्या काळी प्रत्येक पलटण आपापले नंबर देत असे, म्हणून ११०व्या पलटणीतला एक नंबर ११४व्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असू शकतो. नंबर आणि पलटण हे दोन्ही एकत्र धरूनच शोधायचं. नावाच्या स्पेलिंगवर मात्र अजिबात विसंबू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं उतरवलं आहे. कदमांचे ‘कुद्दुम’ झाले, मोऱ्यांचे ‘मोरय’, पवारांचे ‘पोवार’, शिंद्यांचे ‘सिंदिया’. वडिलांचं नाव बिल्ल्यावर नसतंच, आणि एका भावकीत एकाच नावाचे तीन-चार कदम निघतात, तेही एकाच पलटणीत. ज्याचा बिल्ला घरात सापडला तो आपलाच पणजोबा, हेसुद्धा लगेच गृहीत धरू नका. चुलत पणजोबाही असू शकतो. ते पुढे गावच्या कागदांवरून ताडून बघता येईल.

फोटो असा घ्या: बिल्ला पांढऱ्या कागदावर आडवा ठेवा, खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी एका बाजूने तिरपी धरा आणि कड थोडी थोडी फिरवत आठ-दहा फोटो काढा. समोरून उजेड पाडला तर अक्षरं दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून येतात.

आता पलटण. ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. तुमच्या पणजोबांची ११०वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये होती. १०३वी आणि ११७वीही त्याच डिव्हिजनमध्ये. बसऱ्याहून ही फौज टायग्रिस नदीच्या काठाकाठाने वर चढत गेली. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली आणि तिथून तिला माघारी यावं लागलं. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी तिला कुत-अल-अमारा या गावात कोंडलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस धर्माच्या कारणाने बरेच दिवस नाकारलं आणि उपाशी राहून स्कर्व्हीने खंगत गेले. विमानातून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. सुटकेसाठी दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंड शरण आला. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली आणि बगदाद, मोसुलमार्गे वाळवंटातून पायी हाकली गेली. त्यांतली हजारो परतली नाहीत.

‘बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत’ हे तुमच्या घरचं वाक्य ऐकल्यावर माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं: कुतच्या वेढ्यात असतील, किंवा नंतरच्या त्या वाटेवर गेले असतील. पण थांबा. तुमच्या डबीत दोनच बिल्ले आहेत.

१९१५ संपायच्या आत जो शिपाई रणभूमीवर पोचला, त्याला तिसरी एक वस्तू मिळायला हवी: काशाचा तारा. दोन आडव्या तलवारी, मध्ये ‘१९१४–१५’ आणि त्याखाली राजाची मोहोर. (१९१४ साली फ्रान्स-बेल्जियमला गेलेल्यांचा तारा वेगळा, तुमच्या पलटणीचा त्याच्याशी संबंध नाही.) नंबर आणि नाव ताऱ्याच्या सपाट पाठीवर असतं. कुतमध्ये ७ डिसेंबर १९१५ला जे आत अडकले ते सगळेच या ताऱ्याचे हक्कदार. तेव्हा शक्यता दोन. एक तर तुमच्या घरी तारा आला होता आणि हरवला, किंवा पणजोबा १९१६ उजाडल्यावर पोचले. नंतर पोचले असतील तर ते वेढ्यात नव्हतेच. मग ते सुटकेसाठी चाललेल्या फौजेत असतील, किंवा पलटण पुन्हा उभी राहिल्यावर गेले असतील. मेसोपोटेमियात कॉलऱ्याने, विषमज्वराने आणि उन्हाच्या झळांनी माणसं मेली ती काही थोडी नव्हती. लढाईत पडले असंच असेल असं नाही, आणि तापाने गेले म्हणून काही त्यांचं मोल कमी होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात नावाचा फलक लावायचं ठरतं तेव्हा ‘कुतच्या वेढ्यात वीरमरण’ असं आधी छापून येतं आणि शोध मागाहून लागतो.

घरात आणखी एक वस्तू शोधा. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी काशाची एक गोल चकती पाठवली जात असे. रुंदी १२ सेंटिमीटर, म्हणजे छोट्या ताटलीएवढी. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि तिच्याशेजारी सिंह असतो, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे म्हणून. आपल्याकडे ही चकती सिंहाचं चित्र म्हणून भिंतीला ठोकलेली, घागरीवर झाकण म्हणून ठेवलेली, कधी देव्हाऱ्यात टाकासारखी पुजलेली सापडते. ती निघाली तर पणजोबा युद्धकाळात वारले यावर शिक्कामोर्तबच झालं. आत्याबाईंना विचारा: लहानपणी घरात सिंहाची ताटली होती का? ‘पदक होतं का’ असं विचारलंत तर त्या नाही म्हणतील. ताटली म्हणून विचारा.

लंडनचं. तुमचे पैसे तिथे आधी खर्च करू नका. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ब्रिटिश शिपायांच्या पदकांचे पट तिथे आहेत, त्यांच्या नोकरीचे कागदही लंडनमध्येच होते; पण त्यांतले बहुतेक सप्टेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात जळाले. आपल्या शिपायाची नोकरीची कागदपत्रं तिकडे जात नसत, ती इथेच पलटणीच्या दप्तरात राहत. पलटणींच्या युद्धाच्या रोजनिश्या क्यूला आहेत. पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे त्यांतून कळतं, पण शिपायाचं नाव त्यांत क्वचितच येतं. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात. तुमच्या पणजोबांना शौर्यपदक मिळालं असतं तर गॅझेटमध्ये नाव शोधता आलं असतं. तुमच्या दोन बिल्ल्यांत तसं काही नाही. आणि कुणीतरी तुम्हाला लाहोरच्या संग्रहालयातल्या नोंदवह्यांबद्दल नक्की सांगेल. सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या त्या नोंदी अनमोल आहेत, पण त्या पंजाबच्या. जावळीचा कदम त्यांत मिळायचा नाही.

आधी शोधा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदींत. घरबसल्या मोबाइलवर होतं, पैसे पडत नाहीत. नावाने शोधू नका. पलटण निवडा, ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. सेवा-क्रमांकाच्या रकान्यात कडेवरचा आकडा टाका. काही मिळालं नाही तर देश आणि पलटण एवढंच ठेवून पूर्ण यादी उघडा आणि एक-एक नाव वाचत जा. वेळ लागेल, पण भावाला सोबत घेऊन एका रविवारात होईल. भारतीय शिपायांच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. जावळीचं ‘जाओली’ झालेलं असेल, साताऱ्यात दोन टी असतील. मोठ्याने वाचा, कानाला ओळख पटते.

तिथे बसऱ्याच्या स्मारकाचा उल्लेख आला तर त्याबद्दल हे माहीत असावं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते माहीत नाही, अशा ४० हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीगणिक नुसता आकडा दिला. २०२१ साली कमिशनने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या असमान वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. नावं आता त्यांच्या नोंदींत आहेत, दगडावर नाहीत. स्मारकही १९९७ साली मूळ जागेवरून उचलून बसऱ्यापासून लांब रस्त्याकडेला नेलं. हे वाचून राग येईल. मलाही येतो, दर वेळी येतो.

आणि असाच नुसता आकडा तुमच्या गावातही असू शकेल. महायुद्धानंतर ज्या गावांतून बरीच माणसं गेली त्या गावांना सरकारने संगमरवरी पाट्या दिल्या: या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं यावरही नाहीत. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या कट्ट्यावर चुन्याच्या थराखाली ही पाटी सापडते. सातारा जिल्ह्यात तर अशी गावं पुष्कळ; अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं आहे. तुमच्या गावच्या पाटीवर मेलेल्यांचा आकडा चार असेल, तर त्या चारांतले एक तुमचे. उरलेले तीन कोण, हे भावकीत विचारायला लागा. तुमच्या पणजोबांची गोष्ट तुमच्या घरात नसेल, ती त्यांच्याबरोबर गेलेल्या शेजाऱ्याच्या घरात असते. एका आळीतली पोरं एकाच दिवशी भरती होत.

मग तालुक्याला जा. हा भाग मला सर्वांत भरवशाचा वाटतो आणि शोधणारे नेमका हाच वगळतात. पणजोबांच्या नावावर जमीन असेल तर त्यांच्यामागे वारसनोंद झालेली असणार. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या फेरफारांची नक्कल मागा. ‘खातेदार लढाईत मयत, वारस पत्नी व अज्ञान मुलगा’ अशा एका ओळीत जे मिळतं ते लंडनच्या दहा फाइलींत मिळत नाही. फेरफारात खातेदाराचं संपूर्ण नाव असतं, म्हणजे ‘चार कदमांतले कोणते’ हाही प्रश्न सुटतो. जोडीला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. लोक ते जातीच्या दाखल्यासाठी काढतात. तुम्ही मृत्यूच्या नोंदीसाठी काढा. परदेशी वारलेल्याची नोंद त्यात नसेलही, पण त्यांच्या मुलाच्या जन्माची असेल आणि बापाचं पूर्ण नाव तिथेच मिळेल.

यानंतर बेळगाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र तिथे आहे. रजिस्टर्ड पत्र पाठवा, इंग्रजी किंवा हिंदीत, एका पानाचं. कडेवरचा मजकूर अक्षर न् अक्षर जसाच्या तसा उतरवा, तुमचं स्पेलिंग कंसात वेगळं द्या, गाव-तालुका-जिल्हा लिहा, फोटो जोडा आणि नातं सांगा. पत्रात हेही लिहा की १९२२च्या फेररचनेत ११०वी पलटण तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हापासूनच्या कागदांवर ‘३/५’ असं दिसतं, त्याने लोक गोंधळतात: पाच हा रेजिमेंटचा, तीन बटालियनचा. या ३/५मधले नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीच ही तुमच्या पणजोबांची पलटण. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका शिपायाचे कागद बेळगावला मिळतीलच असं नाही, पण उत्तर येतं, आणि कधी कधी पलटणीचा इतिहास माहीत असलेला एखादा सुभेदार साहेब स्वतः फोन करतो.

(आणखी काही वाचकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्यांबद्दल विचारलं आहे. थोडक्यात: ब्रिटिश शिपायांना ते बिल्ले कोरे मिळाले, पण भारतीय शिपायांच्या बिल्ल्यांवर नाव घातलेलं असतं, म्हणून कड बघाच. मराठा असतील तर बेळगाव, महार रेजिमेंटचे असतील तर मध्य प्रदेशातलं सागर, सॅपर (सैन्यातले इंजिनिअर) असतील तर खडकी, तोफखान्यातले असतील तर नाशिक रोडचं रेकॉर्ड ऑफिस. घरात पेन्शनचं पुस्तक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा.)

चुलतभावाचं. पैशाची गरज खरी असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण परदेशात विकायचा विचार आधी सोडायला सांगा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याने बेकायदा आहे. आणि इथे विकलात तर जोडी फुटते. चांदीचा एकाकडे, पितळी दुसऱ्याकडे. एकाच नंबरचे दोन बिल्ले शंभर वर्षं एका डबीत एकत्र राहिले, ती डबी एका पिढीच्या हातात फुटावी हे मला बघवत नाही. भाऊ ऐकत नसतील तर त्यांना फेरफाराची नक्कल आणायला तहसीलला पाठवा. मी पाहिलंय, ज्याने स्वतः नाव शोधून काढलं तो मग विकत नाही.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. घर पाडायचं काम चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. गवंड्यांना सांगा, माळ्याची माती, देवळ्या, कोनाडे आणि उंबऱ्याखालची जागा चाळल्याशिवाय ट्रॉली भरायची नाही. तारा पाच रुपयांच्या जुन्या नाण्याच्या साधारण दुप्पट, काळा पडलेला, मातीत खिळ्यासारखा दिसेल. सिंहाची ताटली पालथी पडलेली असेल.